लाल ताटलीचा प्रयोग

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.१५

ही वेळ अलार्मची. प्रत्यक्षात सहा वाजून दहा मिनिटं झालीत, पण अलार्म मीच लावला होता, तेव्हा तीच वेळ धरायला हरकत नाही.

आजपासून नियमित रोजनिशी. नोकरीला लागून पाच महिने झाले. केलं काय? बीपी घेतलं, सलाईन बदललं, सह्या केल्या. असंच चाललं तर सव्वीस वर्षांनी मीही इन्चार्ज सिस्टर होईन आणि कपाटाच्या किल्ल्या खिशात वाजवत फिरेन. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. बाबांनी बस डेपोत गाड्यांखाली आडवं पडून आयुष्य काढलं ते एवढ्यासाठी नाही.

संकल्प: रोज एक रिसर्च पेपर वाचायचा. दुपारी झोपायचं नाही. प्रत्येक पेशंटशी डोळ्यांत बघून बोलायचं. आणि एकोणीस तारखेला हॉस्पिटलचा नर्सिंग रिसर्च डे आहे, तिथे पोस्टर लावायचं. पोस्टरचा रंग ठरला (निळा). फॉन्ट ठरला. विषय तेवढा राहिलाय.

(हे रात्री जोडलं.) आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, औषध शोधून काढतेयस म्हणे?


४ नोव्हेंबर. दुपारी ३.२०

पेपर वाचला. म्हणजे सारांश वाचला, पण सारांशात सगळं येतंच. पेशंटच्या लॉकरवर पसारा असला की जंतू वाढतात, नर्सचा वेळ जातो, कामाचा दर्जा घसरतो. वाचता वाचताच अंगात वारं शिरलं. वीस मिनिटांत बारा लॉकर चकाचक केले. कागदी कप, शिळी वर्तमानपत्रं, टिश्यू, गॉजचे बोळे, सगळं कचऱ्याच्या पिशवीत.

बेड नऊच्या आजी जाग्या होत्या. काल त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलाय, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांच्या लॉकरवर कागदी कपात गॉजचा मोठा बोळा होता, तो मी उचलला, तेव्हा त्यांनी हात वर केला. आशीर्वाद असावा. मी हसून मान लववली. त्यांनी परत हात वर केला, दोनदा. ऑपरेशननंतर माणसं किती हळवी होतात!

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, अगं, टाकायच्या आधी उघडून बघत जा जरा. मी म्हटलं, सिस्टर, पसाऱ्याचं मानसशास्त्रच असं आहे, उघडून बघितलं की टाकवत नाही. त्या नुसतंच बरं म्हणाल्या. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना, मान्य. पण अनुभव म्हणजे एव्हिडन्स नव्हे.


६ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. काल झोपले होते. (दुपारी. पण ती झोप नव्हती, पडल्या पडल्या विचार करत होते.)

विषय मिळाला! बेड नऊच्या बाई जेवत नाहीत. काल अर्धी वाटी भात, आज तेवढाही नाही. सूप तेवढं पितात, चहा पितात. ब्रेडच्या कडा ताटात तशाच. बोलतही नाहीत. सारखा टॉवेल तोंडाशी धरतात, मुलगी भेटायला आली की मास्क लावतात. मी काही विचारलं तर मान हलवतात. डोळे मात्र माझ्या मागे मागे फिरत असतात.

उघड आहे. डिप्रेशन. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत भूक जाते, त्यावर केवढा तरी रिसर्च झालाय. माझ्या डोळ्यांसमोर पोस्टर उभं राहिलं: ‘शस्त्रक्रियेनंतर वृद्धांचं जेवण: नर्सची भूमिका’. भूमिका म्हणजे मी.

जेवण वाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, ताई, त्यांच्या तोंडात बघा ना एकदा. मी चार्ट काढून दाखवला. तोंडाची तपासणी रोज होते, रोज लिहिलेली असते. ॲडमिशनच्या दिवशी: कवळी आहे, वरची-खालची दोन्ही. त्याखाली ‘वरीलप्रमाणे’, त्याखाली ‘वरीलप्रमाणे’, सगळ्या शिफ्टच्या सह्यांसकट. शेवटचं ‘वरीलप्रमाणे’ माझंच. मावशी म्हणाल्या, बरं बाई, कागदावर आहे म्हणता तर असेल.

मावशींना शिक्षण मिळालं असतं तर त्यांनाही डॉक्युमेंटेशनचं महत्त्व कळलं असतं. वाईट वाटलं.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

इन्चार्ज सिस्टर पाच दिवस ट्रेनिंगला गेल्या. मोकळीक!

बाईंना चाळीस प्रश्नांची प्रश्नावली दिली. ‘तुम्हाला आयुष्य निरर्थक वाटतं का?’ वगैरे. शास्त्रीय आहे, भाषांतर माझं. बाईंनी पेन्सिल मागितली (खुणेनं). तासाभरानं कागद परत आला. एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. शुद्धलेखनाच्या सतरा चुका मात्र दुरुस्त केल्या होत्या, डावा समास कुठे चुकला तिथे बाण काढला होता, आणि शेवटी: दहापैकी चार.

नोंद केली: सहकार्याला नकार. भावनिक अंतर.

पण चार कसे? भाषांतर बरं होतं.


८ नोव्हेंबर. रात्री ९

पेपर वाचला! अर्धा, पण निष्कर्षाचा अर्धा. अन्न ठळक रंगाच्या ताटलीत दिलं की काही वृद्ध जास्त जेवतात. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात, मग तो दिसणार कसा? किती सोपं होतं आणि आजवर कुणाला सुचलं नाही. म्हणजे त्या पेपरवाल्यांना सुचलं. आपल्या वॉर्डात नाही.

ड्यूटी संपल्यावर प्लॅस्टिकवाल्याकडून एक लाल ताटली आणली. परत येऊन स्वतः वाढलं. मावशी म्हणाल्या, ताई, भोवती दिवे पण लावू का? मी हसले. रिसर्चमध्ये विनोदबुद्धी लागते.

आजचं जेवण: पंधरा टक्के. काल वीस होतं. नव्या ताटलीची सवय व्हायला वेळ लागणार.


९ नोव्हेंबर, रविवार. सुट्टी

दिवसभर घरात येरझाऱ्या. पेपर वाचायला बसले, उठले, कपाट आवरलं, परत बसले. आई म्हणाली, तुझ्या पायात चक्र आहे का गं? बस की एका जागी.

जेवताना बाबांना प्रयोग समजावला. पांढरी ताटली, लाल ताटली, ग्राफ. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे त्या का जेवत नाहीत ते त्यांना विचारलंस का? मी म्हटलं, बाबा, चाळीस प्रश्न विचारले. ते म्हणाले, चाळीस नाही गं, हा एक.

बाबा हुशार आहेत, पण मेथडॉलॉजी नाही. गाडी बंद पडली की ते थेट बॉनेट उघडतात. माणूस म्हणजे काय गाडी आहे?


१० नोव्हेंबर. सायंकाळी ५

आज जरा गंभीर झालं. तरुण डॉक्टर राऊंडला आले, वजन बघितलं, दोन किलो कमी. म्हणाले, यांची जखम भरायला अंगात काही जायला नको का? गुरुवारपर्यंत जेवण सुधारलं नाही तर नाकातून नळी घालू. मुलगी शेजारीच होती, ती रडवेली झाली. बाई भिंतीकडे बघत होत्या. टॉवेल तोंडावर.

मी मुलीला म्हटलं, काळजी करू नका, मी एक प्रयोग करतेय. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, सिस्टर, तुमच्यावरच भरवसा आहे. हेच ते क्षण, ज्यासाठी माणूस नर्सिंगला येतो.

मुख्य म्हणजे तीन दिवस आहेत. नळी घातली तर बाई आणखी आठवडाभर हलणार नाहीत, छातीत कफ धरेल, मग काहीही होऊ शकतं. शिवाय नळीनं गेलेलं अन्न ताटलीच्या खात्यात धरता येत नाही.

पुढचा उपाय: हातानं उचलून खाता येतील असे पदार्थ. चमचा धरण्यात म्हाताऱ्या माणसांची शक्ती जाते. पेपरात आहे. उद्यापासून कडक भाजलेला टोस्ट, गाजराचे लांब काप, सफरचंदाच्या फोडी. सालासकट, फायबर म्हणून.


११ नोव्हेंबर, मंगळवार

टोस्ट: नाही. गाजर: एक काप उचलला, बराच वेळ माझ्याकडे बघत धरला, ठेवला. सफरचंद: एक फोड चोखली.

चोखणं हे खाण्यात धरायचं का? पोस्टरसाठी कॉलेजातल्या मॅडमना गाईड धरलंय, त्या गाईड मॅडमना मेसेज केला. त्यांनी अंगठा पाठवला.

दुपारी दुसरी प्रश्नावली, छोटी, सहा प्रश्नांची: ‘नर्सशी तुमचा संवाद’. या वेळी मीच वाचून दाखवत होते. चौथ्या प्रश्नाला बाईंनी माझं मनगट धरलं, टॉवेल जरासा बाजूला केला आणि पहिल्यांदाच काहीतरी बोलायला लागल्या. पुटपुटल्यासारखं. मी म्हटलं, एक मिनिट आजी, एवढा एक प्रश्न होऊ दे, मग तुम्ही म्हणाल ते. प्रश्न असा होता: ‘नर्स तुमचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकते का?’ तेवढ्यात बेड तीनची सलाईन संपल्याची हाक आली. मी ‘नेहमी’वर टिक केली आणि पळाले.

परत आले तेव्हा बाई झोपल्या होत्या. निदान डोळे मिटलेले होते. पण संवादाचा स्कोअर उत्तम आलाय.


१२ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. शेवटचा उपाय: सोबत. एकटा माणूस कमी जेवतो, सोबत असली की जास्त. डबा घेऊन बाईंच्या बेडशेजारी खुर्ची टाकली. पेपरात म्हटलंय, नर्सनं स्वतः आवडीनं खावं, म्हणजे पेशंटला इच्छा होते. मी खाल्लं. काकडी खाल्ली, भाजलेले दाणे खाल्ले, कुडुम्‌कुडुम् आवाज करत खाल्ले, वा म्हटलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

भावना उघडल्या! नोंद केली. बेड आठच्या काकू म्हणाल्या, अगं मुली, किती छळशील त्यांना? बेड आठचं बीपी वाढलेलं असतं, त्या चिडचिड करतात.

जेवण: पाच टक्के. ते पाच टक्के म्हणजे सूपचा थेंब ताटलीत सांडला होता तो.

उद्या नळी. ग्राफची रेघ खाली खाली गेलीय. मी पोस्टरचं शीर्षक बदलून ‘वृद्धांच्या जेवणातील आव्हानं’ केलंय. आव्हानं म्हटलं की रेघ कुठेही जाऊ शकते.

झोप येत नाहीये. बाई सारख्या आठवतायत.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

नीट लिहायचं.

सकाळी दहा वाजता नळीची तयारी. इन्चार्ज सिस्टर ट्रेनिंगहून परत आल्या होत्या, ट्रेजवळ उभ्या. तरुण डॉक्टर हातमोजे चढवत होते. चेकलिस्ट मी वाचत होते. पेशंटला समजावलं, हो. पेशंटला बसतं केलं, हो. कवळी काढली. मी म्हटलं, आजी, कवळी काढून द्या हं माझ्याकडे.

बाईंनी टॉवेल बाजूला केला आणि तोंड उघडलं.

तोंडात काहीच नव्हतं. वर नाही, खाली नाही. नुसत्या गुलाबी हिरड्या, लहान मुलासारख्या.

मी म्हटलं, कवळी कुठाय? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. इन्चार्ज सिस्टरही. मग बाईंनी हात वर केला, अगदी तसाच, चार तारखेसारखा, आणि लॉकरच्या कोपऱ्याकडे बोट केलं, आणि मग माझ्याकडे.

ऑपरेशनच्या आधी भुलीसाठी कवळी काढतात. गॉजमध्ये गुंडाळतात. कपात ठेवतात. लॉकरवर.

कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते. नऊ दिवसांत नऊ वेळा आली. तरी मी खाली पळत गेले. तिथे मोकळे डबे होते आणि एक माणूस पाइपनं फरशी धूत होता. त्यानं विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही.

परत आले तोवर नळीचा ट्रे गेला होता. इन्चार्ज सिस्टरनी किचनमधून मऊ भात आणि उकडून कुस्करलेली भाजी मागवली होती, पातळ करून, तूप घालून. मावशी भरवत होत्या. बाई एका दमात सगळं जेवल्या. वाटी चमच्यानं खरवडली. पांढरी वाटी होती.

मी विचारलं, आजी, बोलला का नाहीत? आणि बाई बोलल्या. शब्द सगळे गळत होते, तरी कळले. आधी वाटलं, तू कुठे नीट ठेवली असशील, आणून देशील. मग लक्षात आलं की तुला पत्ताच नाही. तीस वर्षं मुलींना नोकऱ्या लागाव्यात म्हणून शिकवलं, एकीची नोकरी आपल्या तोंडानं कशी घालवायची? आणि नळीचं ऐकल्यावर मंगळवारी सांगायला लागले, तर तू म्हणालीस एक मिनिट.

इन्चार्ज सिस्टर मला बाजूला घेऊन गेल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी निघायच्या आधी एकदा त्यांच्या तोंडात बघायला हवं होतं, मीही कागद बघितला. वरीलप्रमाणेची पहिली सही कुणाची आहे ते बघू आपण, शेवटची तुझी आहे. इन्सिडन्ट फॉर्म भर. आणि मुलीला सांगायला हवं. तू सांगतेस की मी सांगू?

मी म्हटलं, मी सांगते. माझी जबाबदारी आहे.

त्या म्हणाल्या, आजच. मी म्हटलं, आजच.


१३ नोव्हेंबर. सायंकाळी ७

मुलगी आली होती. आई पोटभर जेवल्याचं ऐकून ती इतकी खूश होती की तिच्या आनंदावर विरजण घालणं अमानुष वाटलं. शिवाय ती फोनवर होती. पाच मिनिटं तरी होती.

उद्या नक्की.


१४ नोव्हेंबर

आपल्या हातून झालेली चूक नातेवाइकांना कशी सांगावी, यावर पेपर शोधला. सोळा पानं. अख्खा वाचला! या महिन्यातला पहिला पूर्ण पेपर. सांगण्यासाठी स्वतंत्र खोली हवी, दोघंही बसलेले हवेत, घाई नको, फोन बंद हवा, आधी काय माहीत आहे ते विचारायचं. समुपदेशनाची खोली मागितली. सोमवारी मिळेल.

इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, बोललीस का? मी म्हटलं, सोमवारी, खोली मिळालीय. त्या म्हणाल्या, बरं.

बाईंचं जेवण: नव्वद टक्के. मुलगी आज माझ्याकडे बघून हसली. कसं हसावं माणसानं इतक्या विश्वासानं?


१६ नोव्हेंबर, रविवार

घरी सराव. आईला मुलीच्या जागी बसवलं. मी सुरुवात केली, आपल्या आईच्या उपचारांदरम्यान एक अनपेक्षित बाब घडली, आणि आई लगेच डोळ्याला रुमाल लावून म्हणाली, नोकरी गेली का गं तुझी? तिला समजावलं की तू आत्ता माझी आई नाहीस. परत सुरुवात केली. या वेळी आई म्हणाली, जाऊ दे हो सिस्टर, चुका होतात, चहा घेता का? हे इतकं सोपं नसणार. तिसऱ्यांदा तिला चिडायला सांगितलं, तर ती म्हणे, मला जमत नाही, तूच चीड.

बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, किती वेळ लागतो सांगायला? कवळी माझ्या हातून टाकली गेली, चूक झाली. बाबांना वाटतं प्रत्येक गोष्टीचे नटबोल्ट एका वाक्यात काढता येतात. माझ्या मसुद्यात पार्श्वभूमी आहे, घटनाक्रम आहे, मर्यादा आहेत. आतापर्यंत आठ मसुदे झाले.

खालच्या काकू विचारत होत्या, औषध सापडलं का?


१७ नोव्हेंबर

खोलीत दुसऱ्या कुणाची तरी मीटिंग चालू होती. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, एकटी, फोनही पर्समध्ये. मी तिच्यासमोरून तीनदा गेले. पण पेपरात स्वतंत्र खोली म्हटलंय आणि तो बाक पॅसेजमध्ये आहे.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिनं विचारलं, काही सांगायचंय का सिस्टर? मी म्हटलं, हो. ती सरकून बसली, मला जागा केली. मी म्हटलं, आईंना पाणी जास्त द्या.

इन्चार्ज सिस्टर: झालं का? मी: बुधवार. त्या: बरं.

बरं म्हणताना त्या हल्ली खाली बघतात. निराश झाल्या असतील माझ्यावर.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

रिसर्च डे उद्यावर आला. गाईड मॅडमना ग्राफ पाठवला. त्यांचा लगेच फोन. कौतुकच कौतुक. म्हणाल्या, तेरा तारखेनंतर रेघ बघ कशी उभी चढलीय! ताटली लागू पडली. मी म्हटलं, मॅडम, तेरा तारखेला ताटली नव्हती, पांढरी वाटी होती, आणि कारण वेगळंच आहे. त्या म्हणाल्या, मग ते ‘इतर घटक’मध्ये टाक, एका ओळीत.

एक तास बसले. खरं सांगते, एक तास. ‘इतर घटक’ असं टाइपही केलं. मग डोळ्यांसमोर बाईंची पेन्सिल आली. त्यांनी याला किती मार्क दिले असते?

पोस्टर मागे घेतलं! समितीला पत्र लिहिलं, दोन पानी: ‘संशोधनातील सचोटीच्या दृष्टीनं मी माझं पोस्टर स्वेच्छेनं मागे घेत आहे, याचे परिणाम भोगण्यास मी तयार आहे.’ पाठवल्यावर हलकं हलकं वाटलं. माणूस एकदा खरेपणाच्या रस्त्याला लागला की पुढचं सोपं होतं. उद्या मुलीलाही सांगणार.


१९ नोव्हेंबर

समितीचं उत्तर आलं. ‘आपल्या नावाची नोंद यादीत नाही. आपल्या अर्जासोबत फाइल जोडलेली नव्हती. धन्यवाद.’

मुलगी आज आली नाही, तिला ऑफिसात काम होतं. मी तयार होते. अगदी तयार. अकरावा मसुदा खिशात होता.

बाईंच्या नव्या कवळीचं माप घ्यायला दातांचे डॉक्टर वॉर्डातच आले. त्यांनी विचारलं, जुनी कशी गेली? मी श्वास घेतला. बाई म्हणाल्या, गेली. आणि तोंड उघडून बसल्या. डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. मी श्वास सोडला, आणि मग त्याचीच लाज वाटली. खुब्याला टाके घेतलेली बाई माझ्यापुढे ढाल धरून बसते आणि मी ढालीमागे उभी राहून मसुदा तपासते. उद्या बाईंचा डिस्चार्ज आहे. उद्या सांगितलं नाही तर कधीच नाही.

वजन: एक किलो आठशे वाढलं. हे लिहायला मला काही हक्क नाही, पण लिहिलं.


२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४

सांगितलं.

अकरा वाजता डिस्चार्जचे कागद झाले. मुलगी पिशव्या भरत होती. बाई व्हीलचेअरवर, मांडीवर टॉवेलची घडी, तोंड उघडं, बेड आठच्या काकूंशी गप्पा चाललेल्या. खोली नव्हती, बाक नव्हता. मसुदा काढला, अक्षरं दिसेनात. परत खिशात घातला. म्हटलं, तुमच्या आईची कवळी मी टाकली. न बघता. म्हणून त्या जेवत नव्हत्या. मला माफ करा, आणि हे सांगायला मी आठवडा लावला.

मुलीनं पिशवीची चेन लावली. म्हणाली, हो, मला माहीत आहे.

मी विचारलं, कधीपासून?

म्हणाली, त्याच दिवसापासून. गुरुवारी संध्याकाळी तुमच्या इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला होता. खूप राग आला होता मला तुमचा, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी येऊन बोलणारच होते. आईच नको म्हणाली. म्हणाली, ती सांगणार आहे, तिची तयारी चाललीय, आपण घाई करायची नाही. घाई केली की मुली भलत्याच कीवर बोट ठेवतात.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इन्चार्ज सिस्टरना, मुलीला, बेड आठच्या काकूंना (त्यांनी मान डोलावली), मावशींना. मावशी म्हणाल्या, ताई, सोमवारी तुम्ही त्या बाकासमोरून तीनदा गेलात ना, तेव्हा आम्ही पॅन्ट्रीतून बघत होतो. चौथ्यांदा जाल असं मला वाटलं होतं.

बाई हसल्या. सगळ्या हिरड्या दिसल्या. म्हणाल्या, वाक्य बरं होतं, शेवटचं. खिशातली ती पानं कशाला?

निदान त्यांना लिफ्टपर्यंत सोडून येऊ म्हणून व्हीलचेअरचे दांडे धरले आणि ढकललं. हलेना. जोर लावला, तरी हलेना. मला वाटलं, माझ्या हातात आज ताकदच नाही.

मुलगी खाली वाकली आणि तिनं ब्रेक काढला.